लिंबाच्या पाण्यातला व्हॉल्व

पिंपळवंडीच्या शफी मिस्त्रीनं उभ्या आयुष्यात कुणाला "नवा व्हॉल्व घेऊन या" असं म्हणून माघारी धाडलं नव्हतं. पिंपरी पेंढारपासून खोडदपर्यंत कुणाच्याही विहिरीवर जाऊन विचारा, हेच सांगतील. सांगताना हसतील, आणि मग गप्प होतील.

विहिरीवरच्या मोटारीचा जो पाईप पाण्यात सोडलेला असतो, त्याच्या पार बुडाला एक झडप असते. तिला सगळे फुटव्हॉल्व म्हणतात. मोटार चालू झाली की झडप उघडते, पाणी वर घेते. मोटार बंद झाली की झडप पडते आणि पाईपातलं पाणी धरून ठेवते. काम एवढंच. पण बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्याकडं जो तो बोअर मारायला लागला, बोअरचं जड पाणी विहिरीत सोडायला लागला, आणि त्या पाण्यातला क्षार झडपेवर बसायला लागला. चहाच्या पातेल्याच्या बुडाला धरतो तसाच पांढरा, खरबरीत, फक्त बोटभर जाड. मग झडप अर्धीच उघडायची. मोटार ओरडायची आणि पाणी करंगळीएवढं यायचं.

बाकीचे मिस्त्री अशा व्हॉल्ववर ॲसिड ओतायचे. क्षार फसफसून जायचा, पण त्याच्याबरोबर आतलं चामडंही जायचं, आणि शेतकऱ्याला आज ना उद्या नवा व्हॉल्व घ्यावाच लागायचा. शफीची तऱ्हा निराळी. त्याच्या पडवीत एक निळा टब होता. दारच्या झाडाची लिंबं आणि नारायणगावच्या बाजारात संध्याकाळी उरलेली डागी लिंबं पिळून त्या टबात पाणी करायचं, अन् व्हॉल्व त्यात भिजत घालायचा. घाई करायची नाही. एक दिवस, दोन दिवस, फारच हट्टी असला तर आठवडा. क्षार मऊ पडला की दात घासायच्या जुन्या ब्रशानं हळूहळू सोडवायचा. चामडं शाबूत, पितळ सोन्यासारखं.

"ॲसिड मारून काढतंय," तो म्हणायचा. "लिंबू समजावून काढतंय."

लिंबं पिळायचं काम बायकोचं. रहिमाबी मंचरची. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तिच्यापुढं लिंबांची पाटी आली, आणि तेव्हापासून तिच्या बोटांच्या चिरा कधी भरून आल्या नाहीत. एकुलती लेक आरफा, तीही मंचरलाच दिलेली. घरात आता दोघंच. त्यांची घरातली बोली अशी की हिंदीत सुरुवात करायची आणि निम्म्या वाटेवर मराठीत उतरायचं.

शफीचा आजा जुन्नरला हातानं कागद करायचा. तो धंदा बसला तसा बाप पिंपळवंडीला येऊन डिझेल इंजिनं खोलायला लागला, आणि शफी मोटारींवर आला. अंगानं काटकुळा, डोक्यावर सदा गोल टोपी, आणि शेतकऱ्यांविषयी एकच तक्रार.

"आरं, झडप अडकली की मोटारीला वढ लागती," तो झापायचा. "पानी कमी आलं की त्याच दिवशी या. तुमी मोटार जळायची वाट बघत बसता. झडप मी धुऊन दीन. जळलेली मोटार कुनाचा बाप धुनार?"

पिंपरी पेंढारचा भिमाजी त्याचा खास. दोघांची दोस्ती भांडणावर चाललेली. भिमाजीच्या विहिरीचं पाणी लई खारट, त्यामुळं त्याचा व्हॉल्व वर्षातून दोनदा तरी शफीच्या टबात येऊन पडायचा.

"मिस्त्री, तुमी नवा आना म्हनत गेला असता तर नारायणगावच्या दुकानदारानं तुमाला माडी बांधून दिली असती."

"आन् तू मला शिव्या दिल्या असत्या."

"त्या तर आताबी देतो की राव."

असं सगळं सुखात चाललं होतं.

दोन हजार सहाच्या शेवटी शफीला धूसर दिसायला लागलं. ब्रशानं क्षार निघाला की नाही हे बोटानं चाचपून बघावं लागायचं. नारायणगावला मोतीबिंदूचं शिबिर होतं तिथं रहिमाबी त्याला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरनं ऑपरेशनच्या आधी छातीला नळी लावली, आणि तो ती काढेचना.

"मिस्त्री, छातीत आवाज येतोय तुमच्या."

"सायेब, सगळी हयात मोटारीजवळ गेली. भरला आसंल आवाज."

डॉक्टर हसला नाही. डोळ्यांचं राहिलं बाजूला. छातीची सोनोग्राफी झाली, मग पुण्याची चिठ्ठी मिळाली.

पुण्याच्या त्या मोठ्या दवाखान्यात त्यांना भेटली डॉक्टर इंद्रायणी. घोडेगावची पोर, शिकून पुण्याला गेलेली. दवाखान्यात नुकतंच नवं सीटी मशीन आलं होतं. जुन्या मशीनमध्ये हलतं काळीज पुसट यायचं. हे नवं इतकं झटपट फोटो काढायचं की धडधडतं काळीज थांबल्यासारखं दिसायचं. इंद्रायणीचा त्यावर अभ्यास चालला होता. काळजाच्या झडपेवर कॅल्शियम साठतं ते किती, आणि वर्षभरात ते वाढतं किती, हे बघायचं. त्यासाठी एकाच माणसाचा फोटो आज काढायचा आणि वर्षानं पुन्हा काढायचा. शफीनं आंगठा नको, सही करतो म्हणून सही केली, आणि तो त्या अभ्यासात गेला.

छातीला तारा चिकटवल्या, हात डोक्यावर घ्यायला लावले आणि फळीवर निजवून त्याला एका मोठ्या पांढऱ्या कड्यात सरकवलं. मशीनमधून आवाज यायचा, श्वास घ्या, धरून ठेवा. बाहेर आल्यावर तो रहिमाबीला म्हणाला, "अंदर एक बाई है. दम धरो बोलती. सोडो म्हनायला इसरती का काय, मला घोर लागला."

मग इंद्रायणीनं दोघांना कॉम्प्युटरपुढं बसवलं. काळ्या-करड्या चित्रात पाठीचा मणका पांढरा, बरगड्या पांढऱ्या, एवढं शफीला उमगलं. पण मधोमध, जिथं सगळं करडं असायला पाहिजे तिथं, पांढरे खडे होते. त्याच्या धूसर डोळ्यांनाही ते दिसले.

"हे काय हाय?"

"ही तुमच्या काळजाची झडप, मिस्त्री. रक्त बाहेर पडायचं दार. हिला तीन पाकळ्या असतात. हे पांढरं दिसतंय ना, ते कॅल्शियम. ते पाकळ्यांवर साठलंय, म्हणून त्या पुऱ्या उघडत नाहीत."

शफी खुर्चीतून पुढं सरकला. त्यानं काचेवर बोट ठेवलं.

"क्षार धरलाय," तो म्हणाला. "रहिमा, देख! फुटव्हॉल्वला धरतो तसा क्षार धरलाय!"

इंद्रायणीला बरं वाटलं. सकाळपासून ती एकेकाला ही झडप समजावून सांगत होती आणि माणसं नुसत्या माना हलवत होती. बघताक्षणी कळलेला हा पहिलाच. तिचं माहेर शेतकऱ्याचं, फुटव्हॉल्व तिनं पाहिलेला.

"अगदी तस्संच, मिस्त्री," ती म्हणाली. "अगदी तस्संच आहे हे."

मग तिनं पुढचं सांगितलं, आणि नीट सांगितलं. आत्ता दुखणं मधल्या पायरीवर आहे, ऑपरेशनची घाई नाही. पण चढावर दम लागला, चक्कर आली किंवा छाती आवळल्यासारखी झाली, यातलं एक जरी झालं तरी वर्षाची वाट बघायची नाही. त्याच दिवशी यायचं. यावर गोळी नाही. छाती उघडून झडप बदलावी लागते.

"बदलायची म्हंजी?"

"जुनी काढून नवी बसवायची."

रहिमाबीनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. दुकानदार एखाद्या शेतकऱ्याला "हा टाकून दे, नवा घे" म्हणायचा तेव्हा शफीचं तोंड असंच व्हायचं.

एसटीत बसल्यावर, गाडी चाकणच्या पुढं आल्यावर, त्याला कंठ फुटला.

"ऐकलंस ना? बाई काय म्हनली? आगदी तस्संच."

"वो ये भी बोली, गोली नाही इसपर."

"न्हाईच. त्यांच्याकडं न्हाई. डॉक्टर लोकांकडं येक तर ॲसिड, न्हाई तर नवा व्हॉल्व. लिंबू त्यांला ठावं न्हाई." तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. "तीन पाकळ्या म्हनली. मऊ आसत्याल, चामड्यावानी. तिथं लिंबूच पायजे. समजावून."

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. उठल्या उठल्या उपाशीपोटी लिंबाचा रस, त्यात थोडा सिरका. दुपारी पुन्हा. झोपताना पुन्हा. बोअरचं पाणी बंद, सायकलवर कॅन बांधून कुकडी नदीचं पाणी आणायचा. दूध बंद केलं, का तर त्यात कॅल्शियम असतं असं त्याला टीव्हीवर कळलं होतं. दात आंबले, पोटात जळजळायला लागलं, तरी सोडलं नाही. डोळ्यांचं ऑपरेशनसुद्धा त्यानं पुढं ढकललं. म्हणाला, आधी आतलं साफ होऊ दे.

भिमाजीला कळलं तेव्हा तो हसून हसून खोकला.

"मिस्त्री, सरबताची गाडी लावा आळेफाट्यावर."

"हस तू. वरसानं फोटू काढनार हायेत. तवा दावीन तुला."

"काय दावनार?"

"पाकळ्या. पितळावानी."

हे बोलताना तो चेष्टा करत नव्हता. आणि रहिमाबीलाही ते खोटं वाटत नव्हतं, हे लक्षात घ्यायला पाहिजे. तिनं आयुष्यभर तेच पाहिलं होतं. दगड झालेले व्हॉल्व टबात जायचे आणि चकचकीत होऊन बाहेर यायचे. एकही न सुटता तसाच परत गेलेला तिला आठवत नव्हता. म्हणून ती पिळत राहिली.

उन्हाळा बरा गेला. आषाढाच्या आसपास रहिमाबीला दिसायला लागलं की नमाजाआधी हातपाय धुताना हा मध्येच भिंतीला धरून उभा राहतो.

"क्या जी, चक्कर आती क्या?"

"पाय घसरला."

मग खोडदची गोष्ट. तिथं एका मळ्यातल्या विहिरीवर तो पाईप वर ओढायला गेला होता. शेजारीच तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या जाळीच्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून बसलेल्या. पाईपाचे दोन तुकडे वर आले आणि शफी साखळी सोडून कठड्यावर बसला, तोंड वर करून, त्या तबकड्यांसारखाच. ओठ निळसर पडले होते. मळेवाल्यानं पाणी दिलं, स्कूटरवर बसवून घरी आणून सोडलं आणि रहिमाबीला सगळं सांगितलं.

त्या दिवशी ती हट्टाला पेटली.

"चलो पुणे. आजच्या आज. डाक्टरीण बोली थी, एक बी हुआ तो आना."

"आगं येडे, हे बिघडल्याचं न्हाई. सुटल्याचं हाय."

"मतलब?"

त्यानं तिला पडवीत नेलं. टबात कुणाचा तरी व्हॉल्व भिजत होता. त्यानं तो बाहेर काढला, बोटानं झडप हलवून दाखवली. ती आधीपेक्षा जास्त अडकत होती.

"हे बघ. क्षार मऊ पडाया लागला की त्याचे तुकडे सुटत्यात आन् मधीच आडकत्यात. तवा झडप आदीपेक्षा जादा आडती. आडती का न्हाई? आन् मग येकदम मोकळी व्हती. माझंबी तेच चाललंय. मला दम लागतोय म्हंजी आत सुटाया लागलंय."

रहिमाबी त्या व्हॉल्वकडं बघत राहिली. तो सांगत होता त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. व्हॉल्वचं तसंच व्हायचं. तिनं कितीदा पाहिलं होतं.

"आरफाकू बता दूँ?"

"नको. ती रडत येईल आन् उचलून पुन्याला नील. तिथं ते लोक छाती फाडून नवा बसवत्याल. धुऊन जात आसताना नवा कशापायी?" मग तो जरा नरमला. "थोडं ऱ्हायलंय, रहिमा. पौषात फोटू हाय, तवर थांब."

दसऱ्याच्या सुमाराला इंद्रायणीचा फोन आला. आरफानं आपला जुना मोबाईल त्यांना दिला होता, तो खुंटीला पिशवीत टांगलेला असायचा. शफीनं फोन घेतला. रहिमाबी समोरच उभी होती, हातात पिळून झालेलं अर्धं लिंबू.

"मिस्त्री, कसं वाटतंय? दम लागतो का? चक्कर?"

"न्हाई न्हाई, मॅडम. लई भारी."

"छातीत दुखतं का?"

"आजाबात न्हाई. तुमी फोटूची तारीख तेवढी सांगा."

"घरचं कुणी आहे का जवळ? त्यांच्याशी बोलते जरा."

शफीनं रहिमाबीकडं पाहिलं. तिनं हात पुढं केला होता. त्यानं मान हलवली, अगदी थोडी, आणि त्याच्या डोळ्यांत अशी विनवणी होती जी लग्नापासून तिनं कधी पाहिली नव्हती. तिचा हात खाली आला.

"कुनी न्हाई, मॅडम. बाजारला गेलीया."

फोन बंद झाला. रहिमाबीनं उरलेलं लिंबू पुन्हा पिळलं. त्यात काहीच नव्हतं.

त्या पौषात दोघं पुण्याला गेले. म्हणजे रहिमाबी त्याला घेऊन गेली. स्टँडवरून रिक्षापर्यंत यायला त्याला तीनदा बसावं लागलं. पायांवर सूज होती, चप्पल जात नव्हती. पण स्वारी खुशीत. नवा सदरा घातला होता. पुन्हा ती फळी, पुन्हा ते कडं, पुन्हा आतल्या बाईचा आवाज. या वेळी त्याला दम धरता येईना. मशीन चालवणाऱ्यानं दोनदा करून घेतलं.

इंद्रायणीनं त्याला दारातून येताना पाहिलं आणि तिच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

"मिस्त्री, हे कधीपासून?"

"ते सांगतो मागनं. आदी फोटू दावा."

तिनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. डावीकडं मागल्या वर्षीचा, उजवीकडं आजचा. मागल्या वर्षी खडे होते. आता तिथं एक ढेकूळ होतं. पाकळ्या कुठून कुठं, हेसुद्धा कळत नव्हतं.

शफी बराच वेळ बघत राहिला. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं.

"फोटू उलटं लावलं न्हाईत ना, मॅडम?"

"नाही, मिस्त्री."

"म्हंजी धुतलं न्हाई गेलं."

"काय धुतलं?"

मग रहिमाबीनंच सगळं सांगितलं. लिंबू, सिरका, कुकडीचं पाणी, खोडदची विहीर, फोन आला तेव्हा आपण बाजारात नव्हतो तेही. सांगताना ती डॉक्टरिणीकडं बघत नव्हती, आपल्या बोटांकडं बघत होती.

इंद्रायणी ऐकत होती. मध्ये एकदा तिनं तोंडावर हात ठेवला.

"मी म्हणाले होते," ती हळू म्हणाली. "अगदी तस्संच आहे, असं मीच म्हणाले होते."

"तुमी खोटं न्हाई बोलल्या," शफी म्हणाला. "मीच निम्मं घेतलं त्यातलं." आणि मग टोपी नीट करून, एखाद्या अवघड कामाला होकार देताना बसायचा तसा ताठ बसून, "बदला मग. नवा बसवा. माझी ना न्हाई."

ते इतकं सोपं राहिलं नव्हतं. पुन्हा सोनोग्राफी झाली. मोठ्या सर्जननं बघितलं, दुसऱ्यानं बघितलं. संध्याकाळी इंद्रायणी त्याच्या खाटेजवळ येऊन बसली. कसं सांगावं तिला कळेना. या वेळी ती शब्द फार जपून शोधत होती.

शफीनंच तिची सुटका केली.

"मोटार गेली का?"

तिनं हातातला रिपोर्ट उलटा करून मांडीवर ठेवला.

"झडप आडकली की मोटारीला वढ लागती," तो म्हणाला. बोलताना मधे मधे थांबत होता. "वरीसभर वढली तिनं. गरम झाली आसंल. मी सगळ्या शिवाराला हे वरडून सांगितलं, मॅडम. पानी कमी आलं की त्याच दिवशी या. सगळ्यांला सांगितलं."

"काळीज फार थकलंय, मिस्त्री. आत्ता टेबलावर घेतलं तर पुन्हा उठाल याची खात्री सर्जन देत नाहीत. औषधानं सूज उतरवू. थोडी ताकद आली की करू. मी स्वतः मागं लागते त्यांच्या."

"करा," तो म्हणाला. "तुमी मनापासनं म्हनताय. करा."

औषधांनी सूज उतरली, पण ताकद काही आली नाही. त्याला घरी आणलं. आरफा मंचरहून आली ती राहिलीच. आईशी दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. शफीची खाट पडवीत टाकली होती, कारण त्याला झोपून श्वास घेता यायचा नाही, उशांना टेकून बसून राहायचा. निळा टब समोरच पालथा पडलेला. उन्हाळा लागला. दारचं लिंबाचं झाड त्या वर्षी असं लगडलं होतं की फांद्या जमिनीला टेकल्या. कुणी हात लावत नव्हतं.

एके दिवशी सकाळी भिमाजी आला. सायकलला गोणपाटात काही तरी बांधलेलं. मिस्त्रीला जरा करमावं म्हणून तो मुद्दाम आपला फुटव्हॉल्व काढून घेऊन आला होता. शफीकडं पहिल्यांदा आणला होता तोच, जुना पितळी.

"काय मिस्त्री, आराम चाललाय? आमच्या विहिरी कुनी बघायच्या?"

"आन इकडं."

भिमाजीनं व्हॉल्व त्याच्या मांडीवर ठेवला. शफीनं डोळ्यांनी बघायच्या आधी बोटांनी बघितला. झडप बोटानं वर ढकलली. खर्र करून अर्ध्यात अडकली.

"भाभीला सांगू का टब सुलटा कराया?" भिमाजी हसत म्हणाला. "चार दिवस भिजू द्या निवांत. मला घाई न्हाई."

"मोटार गरम व्हती का?"

"व्हती थोडी. तीन-चार आठवडं झालं आसत्याल."

शफीनं व्हॉल्व उचलून त्याच्या हातात दिला.

"टाकून दे."

"आं?"

"नवा घे. नारायणगावला जा आन् आजच्या आज नवा टाक."

"मिस्त्री, चेष्टा करू नका राव. पंधरा-सोळा वरसं चाललाय ह्यो. तुमीच चालवलाय."

"चालला म्हनून काय झालं?" शफीला दम लागला, तो थांबला, पण बोट भिमाजीकडं रोखलेलंच होतं. "सारखा धूत बसू नको. काही आसतंय ते बदलायचं आसतंय. आजच जा, भिमा. चा पिऊ नको, जा."

भिमाजी दारापर्यंत गेला. चौकटीत रहिमाबी उभी होती. "भाभी," तो पुटपुटला, "ह्यो मानूस आसं कदी म्हनला न्हाई वो."

"जावा तुमी," रहिमाबी म्हणाली. "घेऊन या नवा."

भिमाजी त्या दिवशी खरोखर नारायणगावला गेला आणि नवा व्हॉल्व आणला. संध्याकाळी बसवला, मोटार चालू केली आणि पाणी कसं धो धो आलं ते सांगायला सकाळीच पिंपळवंडीला निघाला. वाटेतच त्याला मयतीला निघालेली माणसं भेटली. शफी पहाटे उशांना टेकल्या टेकल्याच गेला होता. आरफा पाणी द्यायला गेली तेव्हा तिला वाटलं, आज अब्बांचा श्वास किती हलका चाललाय.

दफनाला जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्या कुठल्या गावांतली माणसं आली. निम्म्यांच्या अंगावर शेतातलेच कपडे होते.

चाळिसावा झाल्यावर इंद्रायणीचा फोन आला. आरफानं घेतला, मग आईला दिला. इंद्रायणी जे बोलायचं ते बोलली. अभ्यासात त्यांचे फोटो आहेत, नाव कुठंही येणार नाही, त्यातून पुढच्या माणसांना कळेल की झडप किती वेगानं बिघडते. आता ती कुणालाही फुटव्हॉल्व म्हणत नाही, म्हटलंच तर लगेच सांगते, फक्त हा धुता येत नाही. रहिमाबी ऐकत होती.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा ना."

"दसऱ्याला तुमी फोन केलता. मी समोरच व्हती. मी तेव्हा फोन घेतला असता, दम लागतो म्हनून सांगितलं असतं, तर?"

आरफा आईच्या हातातून फोन काढून घ्यायला पुढं झाली, पण रहिमाबीनं तो घट्ट धरून ठेवला.

"तर बहुतेक ते आज असते," इंद्रायणी म्हणाली.

"हां," रहिमाबी म्हणाली. "खरं बोललात, बरं झालं. बाकी सगळे न्हाई म्हनत्यात."

तिनं फोन खुंटीवरच्या पिशवीत ठेवला. बाहेर झाडाखाली लिंबं गळून पडत होती, तिकडं न बघता ती पडवीत आली आणि पालथ्या टबावर बसली.